विश्लेषण : दहा बाय दहाच्या खोलीत महागडा स्पीकरही का घुमतो?

शोरूममध्ये ऐकताना आवडलेला स्पीकर घरी आणून शेल्फवर ठेवला, की पहिल्याच गाण्यात गडबड लक्षात येते. डग्गा खोलीभर घुमत राहतो आणि गायकाचे शब्द त्याखाली दबतात. ग्राहक दुकानदाराला दोष देतो, दुकानदार ॲम्प्लिफायर बदलायला सुचवतो आणि आणखी काही हजार रुपये जातात. प्रत्यक्षात यंत्र बहुतेक वेळा ठीक असते. ते त्या जागेसाठी नसते, इतकेच.

खोली आणि भिंत काय करते?

मुंबई-ठाण्यातली नेहमीची बेडरूम घ्या, दहा बाय दहा फुटांची. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. समोरासमोरच्या भिंतींत 10 फूट, म्हणजे सुमारे 3.05 मीटर अंतर असेल, तर 56 हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्यांच्यामध्ये अडकून फुगतो. लांबी-रुंदी सारखीच असल्याने हा फुगवटा दोन्ही दिशांनी एकाच ठिकाणी येतो. छतही तेवढ्याच उंचीवर असेल तर तिसऱ्यांदा. चौकोनी खोली बेससाठी सर्वांत वाईट, ती यामुळेच.

त्यात शेल्फ भिंतीला टेकलेले. खालच्या पट्टीतला आवाज फक्त पुढे जात नाही, तो चहूबाजूंना पसरतो. मागे गेलेला आवाज भिंतीवरून परततो, पुढच्यात मिसळतो आणि बेस 6 डेसिबलपर्यंत वाढू शकतो. कोपऱ्यात आणखी जास्त. भिंत इतका बेस फुकट देत असताना ग्राहक मात्र ‘बेस दमदार आहे’ म्हणून मोठा स्पीकर उचलतो. आमटीत मीठ पडलेले असताना पुन्हा मूठभर टाकावे, तसा हा प्रकार.

मग घ्यायचा कोणता?

शेल्फवर ठेवायचा असेल तर छोटा घ्यावा. 4 ते 5 इंची वूफर लहान खोलीला पुरतो. साडेसहा इंची घेऊन त्याचा बेस कमी करत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट खोक्याची. बहुतेक बुकशेल्फ स्पीकरना एक गोल भोक असते, त्याला पोर्ट म्हणतात. खोक्यातली हवा त्यातून आत-बाहेर होते आणि बेसला जोर मिळतो. हे भोक मागे असेल तर भिंतीपासून अंतर लागते, आणि शेल्फवर ते मिळत नाही. पोर्ट पुढे असलेला स्पीकर जागेच्या दृष्टीने सोयीचा; पण त्यामुळे भिंतीचा परिणाम संपतो, हा विक्रेत्यांचा दावा खरा नाही. सर्वांत उत्तम म्हणजे पोर्टच नसलेला, बंद खोक्याचा स्पीकर. त्याचा बेस हळूहळू उतरत जातो आणि ती उणीव भिंत भरून काढते. बीबीसीने 1970च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाड्यांमधील अरुंद जागेसाठी ‘एलएस 3/5ए’ हा स्पीकर बनवला, तोही बंद खोक्याचा आणि जेमतेम फूटभर उंचीचा होता. असे स्पीकर आज बाजारात कमी दिसतात, ही अडचण आहेच.

वेगळा ॲम्प्लिफायर नको असेल तर स्टुडिओतले पॉवर्ड स्पीकर पाहावेत. उदाहरणार्थ, यामाहाच्या ‘एचएस5’ला मागे ‘रूम कंट्रोल’ नावाचे बटण आहे. त्याने 500 हर्ट्झखालचा आवाज 2 किंवा 4 डेसिबलने कमी करता येतो. ही सोय भिंतीजवळ ठेवणाऱ्यांसाठीच आहे.

वॅटच्या आकड्याला फार भुलू नये. 85 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर 1 वॅटवर मीटरभर अंतरावर 85 डेसिबल आवाज देतो. साधे बोलणे साधारण 60 डेसिबलचे असते.

‘बुकशेल्फ’ हे नावही फसवे आहे. अनेक कंपन्या माहितीपुस्तिकेत भिंतीपासून अंतर ठेवायला, स्टँड वापरायला सांगतात. पैसे देण्याआधी ते पान वाचावे आणि घरचे शेल्फ टेपने मोजावे. खोली 10 इंच आणि स्पीकरही 10 इंच, म्हणजे वायरला जागाच नाही!

ठेवताना स्पीकरची पुढची बाजू शेल्फच्या कडेशी आणावी, आजूबाजूला पुस्तके भरावीत आणि खाली रबर किंवा फोम घालावा. काचेचे शेल्फ टाळावे, ते थरथरते. वरचे सूर वाजवणारा ट्वीटर बसल्यावर कानाच्या रेषेत यायला हवा. शेल्फ उंच असेल तर स्पीकर किंचित खाली झुकवावा.

मागे पोर्ट असलेला स्पीकर ज्यांनी आधीच घेतला आहे, त्यांनी विकायची घाई करू नये. काही कंपन्या पोर्टमध्ये बसवायचा फोमचा बोळा सोबत देतात. तो पॅकिंगमध्येच पडून राहतो. तो सापडला नाही तर जुना सुती मोजा गुंडाळून, बाहेर ओढता येईल असा, पोर्टमध्ये घालावा आणि तेच गाणे पुन्हा लावावे.