नियम मुनिमाला, मुभा मालकाला?

दसरा उलटला की परभणी जिल्ह्यातील मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील बाजारांच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग लागू लागते. बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, जुन्या तराजूच्या जागी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आला. परंतु रांगेत रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याच्या मनातील शंका पूर्वीचीच राहिली आहे. काट्यावर बसलेला माणूस कोणाचा? मालाची प्रत ठरविणाऱ्याचे हित कशात आहे? भाव सांगणारा आणि माल घेणारा एकच तर नाही ना?

ह्या शंकेला अर्थव्यवहाराच्या परिभाषेत हितसंघर्ष म्हणतात. ज्याच्यावर दुसऱ्याचे हित सांभाळण्याची जबाबदारी सोपविली आहे, त्याचे स्वतःचे हित नेमके उलट दिशेला असले, म्हणजे हा संघर्ष निर्माण होतो. तो निर्माण झाला म्हणजे लबाडी झालीच, असे नाही. परंतु अशा जागी बसलेल्या सज्जन माणसाचाही हात आपल्या बाजूला झुकण्याचा संभव असतो, आणि तो झुकला की नाही हे समोरच्याला कधीच कळत नाही. म्हणून माणसांच्या शीलाची चर्चा करीत बसण्यापेक्षा व्यवहाराची रचना तपासणे अधिक फलदायी ठरते.

एखादी लहान जिनिंग पेढी डोळ्यांसमोर आणावी. दोन-तीन भागीदार, एक मुनीम, कापसाची प्रत पाहणारा एक ग्रेडर, काट्यावरचा एक माणूस आणि हंगामापुरते तीस-चाळीस कामगार व हमाल. तीन क्विंटल कापसातून सुमारे एक क्विंटल रुई निघते. उरते ती बहुतांशी सरकी. ही सरकी विकण्याचे काम मुनिमाकडे असून तेलाची गिरणी त्याच्या मेहुण्याची असेल, तर सरकीचा भाव कोणी ठरवला? ग्रेडरच गावोगाव फिरून स्वतःच्या नावावर कापूस घेत असेल, तर स्वतःच्या मालाची प्रत तो कोणत्या डोळ्यांनी पाहील? काट्यावर शेकडा एकाचा फरक पडला, तर वीस क्विंटलच्या गाडीमागे वीस किलो कापूस जातो. २०२५-२६च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा जाहीर हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या हिशेबाने एका गाडीमागे १,६२२ रुपये झाले. शेतात राबणाऱ्या मजुराची कित्येक दिवसांची मजुरी ती हीच.

असे काही उघडकीस आले की मालक नियम करावयास निघतात. नोकराने जोडधंदा करू नये, नातेवाइकांशी व्यवहार करू नये, व्यापाऱ्याकडून भेट घेऊ नये, केल्यास कामावरून कमी करण्यात येईल. ह्या नियमांत चूक काही नाही. परंतु ते ज्या पायरीवर सुरू होतात तेथेच त्यांची गोम आहे. मुनिमाच्या मेहुण्याची गिरणी नियमाला दिसते. भागीदाराच्या मुलाची आडत मात्र दिसत नाही.

वास्तविक पेढीतील सर्वांत मोठा हितसंघर्ष गादीवरच बसलेला असतो. आडत्या हा शेतकऱ्याचा माल विकून देणारा प्रतिनिधी. त्याला चांगला भाव मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य. तोच आडत्या दुसऱ्या नावाने खरेदीदार झाला की स्वस्त घेणे हे त्याचे हित ठरते. त्यातून त्यानेच पेरणीला उचल दिलेली असली, तर माल दुसरीकडे नेण्याचे शेतकऱ्याचे स्वातंत्र्यही संपते. जिनिंगचा मालक स्वतःसाठी कापूस घेतो आणि भारतीय कापूस महामंडळाचा कापूस पिंजून देण्याचा करारही करतो. एकाच आवारात सरकारी ढीग आणि खाजगी ढीग शेजारी-शेजारी पडतात. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा हे प्रमाण धरतात आणि बारा टक्क्यांवर माल नाकारतात. नाकारलेली गाडी परत फिरण्याऐवजी शेजारच्या ढिगाकडे वळली, तर तिच्या नाकारण्यात कोणाचा लाभ झाला, हा प्रश्न विचारावाच लागेल.

कायदा ह्या बाबतीत अगदीच मुका नाही. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. परभणी ज्या हैदराबाद संस्थानात होती, तेथे १९३० साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला, आणि महाराष्ट्राचा कायदा १९६३चा आहे. १८७२च्या करार कायद्याची २१५ व २१६ ही कलमे तर स्पष्टच सांगतात. मालकाची संमती न घेता आणि त्याला सर्व माहिती न देता प्रतिनिधीने त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा साधला, तर त्यातील लाभ मालकाला मागता येतो. महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपविली असेल किंवा व्यवहार नुकसानीचा ठरला असेल, तर तो व्यवहारच नाकारता येतो. १९३२च्या भागीदारी कायद्यानेही, वेगळा करार नसल्यास, पेढीच्या व्यवहारातून भागीदाराने मिळविलेला खाजगी नफा पेढीचाच मानला आहे.

परंतु कलम पुस्तकात असणे आणि पालमच्या शेतकऱ्याने ते कोर्टात मांडणे, ह्यांत फार मोठे अंतर आहे. कंपनीच्या संचालकांना आपले हितसंबंध जाहीर करण्याचे बंधन २०१३च्या कंपनी कायद्याने घातले. भागीदारी पेढीला ते लागू नाही. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली. चाळीस कामगारांची जिनिंग त्याही बाहेरच राहते. म्हणजे लहान पेढीतील नियम पेढीतच घडवावा लागणार. तो कोण घडवितो, ह्यावरच त्याचे स्वरूप अवलंबून राहील.

असा नियम एका पानात मावतो. हंगामाच्या आरंभी प्रत्येक भागीदाराने, आणि त्यानंतर मुनीम, ग्रेडर व काटेवाल्याने, आपले व आपल्या घरच्यांचे त्याच धंद्यातील व्यवहार एका वहीत लिहून सही करावी. पहिली सही मालकाची असावी. ज्याचा संबंध असेल त्याने त्या मालाचे वजन, प्रत व भाव ह्यांच्या निर्णयातून बाजूला व्हावे. आडत्याने स्वतःसाठी माल घेतल्यास ते पट्टीवर स्पष्ट लिहावे आणि शेतकऱ्याची संमती आधी घ्यावी. ओलाव्याचा आकडा व वजन गाडीवाल्यासमोर वाचून दाखवावे. ती वही शेतकरी व कामगार ह्यांना पाहावयास खुली असावी. तक्रारीची चौकशी मालकाने एकट्याने न करता कामगारांचा व हमालांचा प्रतिनिधी बरोबर घेऊन करावी, आणि तक्रार करणाऱ्याचे काम जाऊ नये.

एवढ्याने व्यापाराची गुपिते बाहेर पडतील, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु त्या वहीत भाव वा गिऱ्हाइकांची नावे येत नाहीत. कोणाचे हित कोठे गुंतले आहे एवढेच येते. दुसरी गोष्ट वेतनाची. मुनिमाला तुटपुंजा पगार देऊन 'वरचे तुम्ही पाहून घ्या' अशी मूक परवानगी ज्या पेढीत असते, तेथे मालकानेच हितसंघर्ष पगाराऐवजी वाटलेला असतो. १९६९च्या माथाडी कायद्याने नोंदीत हमालाची मजुरी मंडळामार्फत देण्याची व्यवस्था केली, तेव्हा त्याची भाकरी एका मालकाच्या मर्जीपासून काही अंशी तरी सुटली. पुरेसे वेतन हा प्रामाणिकपणाचा पाया आहे. तो न घालता उभारलेला नियम केवळ दंडुका ठरतो.

बाजार समितीच्या संचालक मंडळात हमाल-मापाड्यांना एक जागा असते. तेथे बसणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याने हा आग्रह धरला पाहिजे. मात्र त्यापूर्वी एक काम घरचे आहे. जो कार्यकर्ता सोसायटीचा संचालक असून तिला खतही पुरवितो, किंवा पतपेढीच्या कर्जसमितीत बसून भावाच्या अर्जावर सही करतो, त्याने आपले नाव त्या वहीत आधी लिहावे. येत्या हंगामापूर्वी पक्षाचा संबंध असलेल्या प्रत्येक संस्थेत अशी वही उघडली गेली, तर आडत्याच्या गादीसमोर उभे राहून तीच मागणी करताना कोणाचीही मान खाली जाणार नाही.