शाळा कुणाच्या जमिनीवर उभी आहे?



गेल्या दोन बैठकांत एक वाद निघाला. पोरांना शाळेत आपल्या बोलीतून शिकवावं ही मागणी संघटनेनं घ्यावी की नाही? काही जुने कार्यकर्ते म्हणाले, आधी जमीन, भाषेचं मागाहून बघू. काही पालक म्हणाले, बोली तर घरी येतेच, शाळेत मराठी-इंग्रजी शिकवा. दोन्ही बोलणी खोटी नाहीत. पण आम्हा तरुण कार्यकर्त्यांना वाटतं की जमीन आणि शाळा हे दोन वेगळे प्रश्न धरले की आपण फसतो. हे सांगायला आम्ही एका लांबच्या देशाचा दाखला घेतो. कारण तिथं हा सगळा खेळ आपल्या आधी खेळून झालाय.

देशाचं नाव ग्वाटेमाला. मेक्सिकोच्या खाली, मध्य अमेरिकेत. महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश एवढा मुलूख, १९९९ च्या सुमाराला वस्ती कोटीच्या थोडी वर होती. त्यातले निम्म्याच्या आसपास लोक माया आदिवासी. किचे, माम, काक्चिकेल, केक्ची अशा वीसहून जास्त माया भाषा तिथं आजही बोलल्या जातात. राज्य मात्र स्पॅनिश बोलणाऱ्यांचं. त्यांना तिथं लादिनो म्हणतात. कोर्ट, कचेरी, शाळा बहुतेक सगळं स्पॅनिशमध्ये.

माया लोकांचं जगणं मक्यावर. त्यांच्या जुन्या ग्रंथात, पोपोल वुहमध्ये, सांगितलंय की देवांनी आधी मातीची माणसं केली, ती विरघळली. मग लाकडाची केली, त्यांना काळीज नव्हतं. शेवटी पिवळ्या आणि पांढऱ्या मक्याच्या पिठाची केली, तीच खरी माणसं झाली. म्हणजे मका हे त्यांचं नुसतं पीक नाही, ते त्यांचं अंग आहे. बाया कंबरेला पट्टा बांधून मागावर उईपिल नावाची चोळी विणतात. प्रत्येक गावाची नक्षी वेगळी, चोळी बघून गाव ओळखता येतं. त्यांची मोजणी विसाची. एकाला टिंब, पाचाला आडवी रेघ, शून्याला शिंपला. आपल्या म्हाताऱ्या अजून 'तीन विसा आन् पाच' म्हणतात आणि शाळेतली पोरं हसतात. त्याच विसाच्या मोजणीवर माया लोकांनी हजार-दीड हजार वर्षांपूर्वी ग्रहताऱ्यांचं गणित मांडलं होतं.

अशा लोकांना अडाणी कुणी ठरवलं? त्याचा हिशेब जमिनीपासून सुरू होतो.

१८७१ नंतर तिथं बारियोसचं सरकार आलं. परदेशात कॉफीला भाव होता. डोंगरउतारावरची गावाची सामाईक जमीन सरकारनं मोडली आणि ती कॉफी मळेवाल्यांच्या हातात गेली. मळ्याला मजूर पाहिजेत म्हणून १८७७ साली कायदा करून गावांकडून सक्तीनं माणसं घेतली. पुढं १९३४ मध्ये उबिको नावाच्या हुकूमशहानं 'भटकेपणा'चा कायदा आणला. ज्याच्याकडं पुरेशी जमीन नाही त्यानं वर्षात शंभर किंवा दीडशे दिवस दुसऱ्याच्या मळ्यावर राबायचं. राबलेले दिवस एका पुस्तिकेत लिहायचे. लिहिणार कोण? मळ्याचा माणूस. ज्याला वाचता येत नाही त्यानं आपले किती दिवस भरले हे कुणाला सांगायचं? म्हणून आम्ही म्हणतो, निरक्षरता ही आदिवासीची खोड नाही. मळेवाल्याला ती फायद्याची होती.

१९४४ साली तिथं क्रांती झाली, उबिको गेला, त्याचा कायदाही १९४५ ला गेला. १९५२ मध्ये आर्बेन्स अध्यक्ष असताना जमीन सुधारणेचा कायदा आला. त्या वेळी शंभरातल्या दोन मालकांकडं देशाची सुमारे सत्तर टक्के शेतजमीन होती. कायद्यानं मोठ्या मालकांची पडीक जमीन घेऊन भूमिहीनांना द्यायला सुरुवात केली. गावोगाव जमीन समित्या झाल्या, दीड-दोन वर्षांत लाखभर कुटुंबांना जमीन मिळाली. अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीनही घेतली. भरपाई दिली ती कंपनीनं कर चुकवायला स्वतःच कागदावर दाखवलेल्या किमतीनं! कंपनी चवताळली. १९५४ साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं ते सरकार पाडलं आणि वाटलेली बहुतेक जमीन मालकांकडं परत गेली.

आता शाळेकडं या. जमीन गेलेलं कुटुंब हंगामाला डोंगर उतरून समुद्रकाठच्या मळ्यांवर जातं. कॉफी, ऊस, पूर्वी कापूसही. सोबत पोरं जातात. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि ऑक्टोबरात संपतं. कॉफीची तोडणी वर्ष संपायच्या आतच लागते, ऊसतोड नवीन वर्षात घुसते. मग पोरगं शाळेत कधी बसणार? बसलं तरी समोर शहरातून आलेला मास्तर, तो बोलतो ते कळत नाही. पोरगं पहिलीतच नापास. दोनदा नापास झालं की घरी बसतं, आणि दप्तरात नोंद होते की आदिवासीला शिकायची आवड नाही. ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जाणाऱ्या आपल्या पाड्यांतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

१९६५ च्या सुमाराला सरकारला उपाय सुचला. पहिलीच्या आधी एक वर्ष माया भाषेतून शिकवायचं. ऐकायला बरं वाटतं. पण त्या योजनेचं नावच होतं 'स्पॅनिश करण्याची' योजना. आपली भाषा म्हणजे शिडी. वर चढलं की शिडी काढून घ्यायची. पोरगं वर जाऊन आईशी बोलायला लाजलं की योजना यशस्वी! १९८४ पासून चार मोठ्या माया भाषांत द्विभाषिक शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९८५ च्या घटनेत कलम ७६ घातलं की आदिवासीबहुल भागात शिक्षण शक्यतो द्विभाषिक द्यावं. त्यातला 'शक्यतो' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे.

पण ही वर्षं बघा कुठली. १९७८ मध्ये पान्सोस गावात केक्ची आदिवासी जमिनीच्या मागणीचं पत्र घेऊन चौकात आले. पुढं होती आदेलीना काल नावाची म्हातारी. फौजेनं गोळीबार केला, तिच्यासकट पन्नासहून जास्त माणसं मेली. १९८२-८३ मध्ये रिओस मोंतच्या राजवटीत तर गावंच्या गावं जाळली. गावच्या नक्षीची चोळी अंगावर असली तर फौजेला गाव कळायचं, म्हणून कित्येक बायांनी उईपिल अंगावरून उतरवली. १९९९ च्या फेब्रुवारीत तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. ३६ वर्षांच्या युद्धात दोन लाखांवर माणसं मेली किंवा गायब झाली. ओळख पटलेल्या बळींत शंभरातले ८३ माया होते. फौजेनं काही भागांत वंशसंहार केला असं आयोगानं स्पष्ट लिहिलं. म्हणजे एका हातानं द्विभाषिक पुस्तक आणि दुसऱ्या हातात बंदूक. भाषेची योजना देणारं सरकार आपलं झालं असं कुणी समजू नये.

त्याच काळात नोटेवर मात्र तेकून उमान होता. स्पॅनिश लोकांशी लढताना पडलेला हा किचे वीर १९६० सालीच राष्ट्रीय वीर ठरला होता. मेलेल्या माया माणसाची नोट खिशात आणि जिवंत माया मळ्यावर. आपल्याकडं प्रजासत्ताक दिनाला आदिवासी नाच लागतो, दुसऱ्या दिवशी त्याच नाचणाऱ्याला जंगलखातं अतिक्रमणदार म्हणतं. संस्कृतीचं कौतुक करणारा जमिनीवर गप्प का, हे आपण प्रत्येक वेळी विचारलं पाहिजे.

मग माया लोकांनी काय केलं? १९८१-८२ पासून हजारो लोक मेक्सिकोत पळाले, छावण्यांत राहिले. तिथं त्यांच्यातल्याच पोरापोरींनी शाळा चालवल्या. स्वतः जेमतेम काही इयत्ता शिकलेले, पण तेच मास्तर झाले. २० जानेवारी १९९३ ला पहिला मोठा जथा मायदेशी परत निघाला, तेव्हा त्यांची मागणी जमिनीची होतीच, पण आपले शिक्षक सोबत घेऊन ते आले. देशात राहिलेल्यांनी माया भाषांची अकादमी उभी केली, १९९० मध्ये तिला कायद्यानं मान्यता मिळवली. भाषा कशी लिहायची ते आम्ही ठरवणार, बाहेरचा पंडित नाही, हा त्यांचा आग्रह. १९९२ मध्ये किचे बाई रिगोबेर्ता मेंचू यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यांचं घर आणि वडील शेतकरी लढ्यातले. त्यांनी स्पॅनिश शिकून जगाला आपलं म्हणणं ऐकवलं. म्हणजे मालकाची भाषा शिकायला माया लोकांची ना नाही. ती शिकताना आपली टाकायची, याला ना आहे. आपल्या पालकांना आमचं उत्तर हेच. मराठी पाहिजे, इंग्रजीही पाहिजे. पण पहिली दोन वर्षं पोराला कळेल अशा भाषेत गेली तरच ते पुढं मराठी नीट शिकेल.

कागदावरही त्यांनी बरंच मिळवलं. मार्च १९९५ च्या करारात भाषा, वेश, शिक्षण आणि सामाईक जमीन हे सगळं एकत्र लिहिलं गेलं. २९ डिसेंबर १९९६ ला शेवटचा शांतता करार झाला. त्याच्या पाचच दिवस आधी, २४ डिसेंबरला, आपल्याकडं ग्रामसभेला अधिकार देणारा अनुसूचित क्षेत्राचा पंचायत कायदा झाला. दोन्हीकडं ढोल वाजले. मग १६ मे १९९९ ला ग्वाटेमालात घटनादुरुस्तीवर मतदान झालं. सुमारे पन्नास दुरुस्त्या चार प्रश्नांत कोंबलेल्या, त्यात माया भाषांना मान्यतेचाही मुद्दा होता. शंभरातले वीसही मतदानाला आले नाहीत. माया बहुसंख्य असलेल्या बऱ्याच जिल्ह्यांत 'होय' जिंकलं, राजधानीच्या मतांनी 'नाही' जिंकलं. करार पुढाऱ्यांनी केला, तो गावागावात पोचला नाही. आपला पंचायत कायदा किती पाड्यांत पोचला, ते प्रत्येक गाव समितीनं स्वतःला विचारावं.

म्हणून पुढच्या शिबिरापुढं आम्ही तीन गोष्टी ठेवतो. एक, जंगलजमिनीच्या दाव्याबरोबर शाळेची मागणी त्याच अर्जात, त्याच मोर्चात घ्यावी. जमीन असेल तर स्थलांतर थांबेल, स्थलांतर थांबलं तर पोरगं शाळेत बसेल. दोन, पहिली-दुसरीला आपल्या बोलीतून शिकवणारा माणूस आपल्याच पाड्याचा असावा, आणि त्याच्या कामाचा जाब ग्रामसभेला विचारता यावा. तीन, आपली गाणी, विसाची मोजणी, बियाण्यांची आणि झाडपाल्याची माहिती आपल्याच पोरांनी लिहून काढावी. बाहेरच्यानं लिहून नेली तर ती आपल्याला विकत घ्यावी लागेल.

आधी जमीन म्हणणाऱ्या जुन्या साथींना आमचं एवढंच सांगणं. सातबारा, नोटीस, पंचनामा हे सगळं कागदावर असतं. ते वाचणारं माणूस पाड्यात नसेल तर मिळालेली जमीन सुद्धा अंगठ्यानं जाते. आणि वाचायला शिकलेलं पोरगं पाड्यालाच लाजत असेल, तर ते कागद वाचील, पण दुसऱ्याच्या बाजूनं.

शिबिरात यावर खुल्ली चर्चा व्हावी. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर बोलावं.

जिंदाबाद!