नस दबली म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे

हमाली, सफाई, बांधकाम, धुणीभांडी करून जगणाऱ्या आपल्या वस्त्यांत कंबरदुखी घरोघरी आहे. कंबरेतली कळ पायात उतरते, एमआरआय होतो, ‘गादी सरकली, नस दबली’ असे कळते आणि सारे घर हादरते. मग कोणी दागिने गहाण ठेवून ऑपरेशनला धावतो, तर कोणी ‘ऑपरेशनने माणूस लुळा होतो’ म्हणून मालिशवाल्याकडे जातो. दोन्ही निर्णय भीतीपोटीच.

मणक्यांमधल्या गादीचा मऊ भाग बाहेर येऊन नसेवर दाबतो. अनेकांत तो काही महिन्यांत आपोआप आकसतो. नेदरलँड्समध्ये पायातली कळ सहा ते बारा आठवडे टिकलेल्या २८३ रुग्णांची पाहणी झाली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला लवकर ऑपरेशन सुचवले, दुसऱ्याला आधी औषधोपचार. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करावेच लागले.

म्हणजे ऑपरेशनने मुख्यतः वेळ वाचतो. रोजंदारीवर वेळ म्हणजे मजुरी, हे खरेच. म्हणून माझे मत असे: पहिले सहा आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या, व्यायाम आणि झेपेल तेवढे चालणे. ओझे उचलू नका, पण अंथरूणही धरू नका. तरीही झोप लागत नसेल, काम होत नसेल, तर ऑपरेशन करून घेण्यात काही गैर नाही.

मात्र लघवी अडकली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठा. पाऊल उचलेनासे झाले तरी थांबू नका. अशा वेळी मालिश, झाडपाला यांत घालवलेला दिवस आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो.

नुसता रिपोर्ट पाहून ऑपरेशन ठरवू नये. काहीच दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. डॉक्टरांना विचारा: माझी कळ याच नसेची आहे का? थांबलो तर काय होईल? खर्च किती? दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपले ऑपरेशन योजनेत बसते का, हे कर्ज काढण्याआधी त्याला विचारा. शरीर आपले आहे, कर्जही आपणच फेडणार आहोत. मग प्रश्न विचारायला संकोच कशाला?