लकव्याचा वापसा साडेचार तासांचा



गेल्या वर्षी आमच्या घरातल्या दोन माणसांच्या अंगावरून वारे गेले. थोरले काका गावी होते, दुसऱ्या वेचणीचे दिवस होते. मेहुणे मुलुंडला होते, तिथे एका सोसायटीत रखवालदारी करतात. दोघांचीही उजवी बाजू गेली, दोघांचीही वाचा गेली. आज मेहुणे काठीशिवाय चालतात. काका एकविसाव्या दिवशी घरच्या खाटेवर वारले.

गाव म्हणाले, ज्याचे त्याचे नशीब. मी दोघांचाही तासातासाचा हिशेब मांडला. त्यात नशीब फार थोडे निघाले.

काका सकाळी सातला धुऱ्यावर बसले आणि हातातला लोटा सुटला. तोंड वाकडे झाले. कुणी म्हणाले पित्त, कुणी म्हणाले चक्कर. गावातल्या डॉक्टरने सलाईन लावली. दुपारी मालीशवाल्याकडे नेले. कबुतराचे रक्त चोळावे असे सांगणाराही भेटला. संध्याकाळी तालुक्याला पोचलो, तिथे डोक्याचा स्कॅन काढायचे यंत्रच नव्हते. जिल्ह्याला पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. सोळा तास झाले होते. डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला. आता घरी न्या, सेवा करा."

मेहुणे सकाळी साडेसहाला गेटवर कोसळले. रिक्षाने नेले. पहिल्या रुग्णालयात यंत्र बंद होते, त्यांनी पुढे पाठवले. गाडी रस्त्यातल्या गर्दीत अडकली. ताई फोनवर रडत होती, "दादा, इथंबी कुणी हात लावत नाही रे!" पण दुसऱ्या ठिकाणी स्कॅन झाला आणि दहा वाजायच्या आत सुई लागली. साडेतीन तास झाले होते. हा सोळा आणि साडेतीन यांतला फरक आहे. एवढ्या फरकाने एक माणूस चालतो आणि एक सरणावर गेला.

हे साडेतीन तास म्हणजे काय ते समजून घेऊ. कोरडवाहू शेतकऱ्याला वापसा शिकवावा लागत नाही. जमिनीत ओल आहे तोवर पेरले तर उगवते. वापसा मोडला की सोन्याचे बियाणे टाकले तरी वाया. मेंदूचेही तसेच आहे. लकव्यात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि तिच्या पुढचा भाग सुकू लागतो. शास्त्रज्ञांनी २००६ साली हिशेब काढला, तो असा की उपचार नसेल तर मोठ्या झटक्यात दर मिनिटाला मेंदूच्या १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारे औषध आहे. ते लकव्यावर चालते हे अमेरिकेत १९९५ साली सिद्ध झाले, तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ साली ती साडेचार तासांपर्यंत वाढली. त्यानंतर सर्वसाधारण रोग्याला ते देता येत नाही, दिले तर फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका मोठा. आणि काही लकवे गुठळीचे नसतात, रक्तवाहिनी फुटल्याचे असतात. त्यांना हेच औषध दिले तर माणूस मरेल. कोणता लकवा कोणता, ते वरून पाहून कुणालाच कळत नाही, स्कॅनच लागतो. म्हणून साडेचार तासांच्या आत स्कॅन, डॉक्टर आणि औषध या तिन्ही गोष्टी एका जागी मिळाल्या पाहिजेत. सारा मामला एवढाच आहे.

मुंबईच्या उपनगरांत या तीन गोष्टी आहेत. अंधेरीला २००९ साली कोकिलाबेन रुग्णालय उभे राहिले, मुलुंडला फोर्टिस आहे. पैसा असेल तर मांडीच्या रक्तवाहिनीतून तार घालून गुठळी ओढून काढण्याचा उपचारही अशा मोठ्या रुग्णालयांत होतो. त्या उपचाराचा उपयोग २०१५ साली सिद्ध झाला आणि निवडक रोग्यांत तो २४ तासांपर्यंत करता येतो. गरिबासाठी पालिकेची घाटकोपरची राजावाडी, जुहूचे कूपर, शहरात केईएम, शीव आणि नायर.

मुंबईत २००५-०६ साली दीड लाखाहून अधिक वस्तीची पाहणी झाली. लकव्याचे ४५६ नवे रोगी सापडले. त्यांतल्या १०० पैकी ८९ जणांचा स्कॅन झाला होता. ८० जणांना गुठळीचा लकवा होता आणि सुमारे १८ जणांना रक्तस्रावाचा. तरीही २८ दिवसांत १०० पैकी ३० दगावले. मुंबई म्हणजे स्वर्ग नव्हे. पण दहातल्या नऊ माणसांना आपल्याला काय झाले आहे हे तरी कळले.

आता आपल्या विदर्भाकडे या. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली, ती २०१५ साली छापून आली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झाले होते. मृत्यूच्या कारणांत लकवा पहिल्या नंबरवर होता. आणि लकव्याने मेलेल्या १०० पैकी ८७ माणसे घरीच मेली. म्हणे हा शहरी, खाऊन-पिऊन सुखी माणसाचा रोग!

सरकारपाशी यावर चार उत्तरे तयार असतात. एकेक तपासू.

पहिले उत्तर, रस्ते केले, पेशंट मुंबईला न्या. समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरता खुला झाला. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई आठ तास, असे सरकारच सांगते. आठातून साडेचार जातात का? ज्या दिवशी वावर विकून, सावकाराचे तोंड बघून आपण माणूस मुंबईला नेतो, त्या दिवशी तो वापसा मोडून दोन-तीन दिवस झालेले असतात. पैसा मात्र पुरा जातो.

दुसरे उत्तर, योजना आहे. खरे आहे. २०१२ साली जीवनदायी सुरू झाली, २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले. १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही त्यात घेतले. आता कागदावर ५ लाखांपर्यंतची हमी आहे. कार्ड बिल भरेल. पण ज्या तालुक्यात यंत्रच नाही तिथे ते कशाचे बिल भरणार? केंद्राने २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघात यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम काढला. नावातच पक्षाघात होता. २०२३ साली कार्यक्रमाचे नाव बदलले आणि 'असंसर्गजन्य रोग' एवढेच ठेवले. पक्षाघात नावातून गेला. गावात तो आहे तिथेच आहे.

तिसरे उत्तर, मेंदूचे तज्ज्ञ खेड्यात यायला तयार नाहीत. नसू देत. हिमाचल प्रदेशात आपल्याहून अवघड रस्ते आहेत. तिथल्या सरकारने २०१४ साली जिल्हा पातळीच्या रुग्णालयांतल्या साध्या फिजिशियन डॉक्टरांना शिकवले. स्कॅनचे चित्र फोनवरून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाकडे जाते, तो सल्ला देतो, सुई तिथेच लागते. औषध सरकारने फुकट दिले. डोंगरातल्या राज्याला जे जमते ते महाराष्ट्राला जमत नाही, असे म्हणायला मंत्र्याला लाज वाटली पाहिजे. तज्ज्ञ मुंबईतच बसू दे. त्याची नजर आमच्या जिल्ह्याच्या स्कॅनवर पडली म्हणजे झाले.

चौथे उत्तर सगळ्यांत वाईट आहे, कारण ते प्रेमाच्या भाषेत येते. "घरी न्या, सेवा करा." लकव्यातून वाचलेल्याची खरी लढाई घरी सुरू होते. अंग सावरायला जास्तीत जास्त वाव पहिल्या तीन ते सहा महिन्यांत असतो. गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय घास देऊ नये, कूस दर दोन तासांनी बदलावी, लुळा हात धरून ओढू नये, उभे कसे करावे, शब्द परत कसा आणावा, ही सगळी शिकलेल्या माणसाची कामे आहेत. घरच्यांना थोडे शिकवून व्यायामाचा भार त्यांच्यावर टाकला तर भागेल का, हे आपल्याच देशात १४ रुग्णालयांतल्या १२५० रोग्यांवर तपासले गेले. निकाल २०१७ साली आला. तेवढ्याने मृत्यूही कमी झाले नाहीत आणि परावलंबनही कमी झाले नाही. मायबहिणींनी सेवा सोडावी असा याचा अर्थ नाही. बाईच्या सेवेवर भिस्त ठेवून सरकारला फिजिओथेरपिस्टची जागा रिकामी ठेवता येणार नाही, असा याचा अर्थ आहे.

इथे मुंबईही नापास आहे. मेहुण्यांना सुई वेळेवर लागली, पण व्यायामाला रोज जायचे तर रिक्षाचे भाडे आणि ताईची धुण्याभांड्याची रोजी, दोन्ही बुडत. दीड महिन्यात जाणे बंद झाले. पाय आला, हाताची बोटे आली नाहीत. रखवालदाराचे भागते. पऱ्हाटी वेचणाऱ्याचे भागेल का? वेचणीला दोन्ही हात लागतात, डवऱ्याला लागतात, ज्वारीच्या सोंगणीला लागतात. आपल्यात एक हात जाणे म्हणजे मजुरी जाणे, आणि सांभाळायला एक माणूस घरी बसणे म्हणजे दुसरीही मजुरी जाणे.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे हे ठराव ठेवत आहे.

एक, प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात २४ तास चालणारे स्कॅन यंत्र हवे. दुरुस्तीविना ते किती दिवस बंद राहिले, याचा फलक दारावर लागावा.

दोन, गुठळीचे औषध तिथेच फुकट मिळावे आणि फोनवर सल्ला देणारा तज्ज्ञ रात्रीही नेमलेला असावा.

तीन, १०८ ची गाडी २०१४ पासून आहे. लकव्याचा पेशंट तिने जवळच्या दवाखान्यात सोडू नये. स्कॅन चालू असेल तिथे थेट न्यावा आणि निघतानाच फोन करावा.

चार, प्रत्येक तालुक्याला फिजिओथेरपिस्ट हवा. त्याने सहा महिने गावात येऊन रोगी पाहावा.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हातातले आपण करू. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांतले एकही अचानक दिसले तर घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. पाणी पाजू नका, मालीश नको, सलाईनसाठी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि पहिला प्रश्न विचारा, "स्कॅन कुठं चालू आहे?" तासाभरात लक्षणे आपोआप गेली तरी जा, पुढचा झटका मोठा असू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. गोळी सुरू झाली तर बरे वाटते म्हणून बंद करू नये. लकव्याचे सगळ्यांत मोठे कारण तेच आहे. आणि खर्रा, तंबाखू, बिडी यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

काकांच्या तेरवीला पाचशे माणसे जेवली. त्या दिवशी सकाळी सातला त्यांतल्या एकालाही साडेचार तासांचे ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. मेळाव्याहून परत जाल तेव्हा हा आकडा घरी घेऊन जा, आणि पुढच्या मेळाव्याला आपल्या तालुक्यात यंत्र आहे की नाही ते पाहून या.