कोड कशामुळे होतो, हे आधी समजून घ्या

लग्न जमवताना आपल्याकडे एक चौकशी हळू आवाजात होतेच. "घरात कुणाला कोड नाही ना?" एवढ्यावरून शिकलेली, कमावती मुलगी नाकारली जाते. म्हणून जरा स्पष्टच लिहितो.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या नष्ट झाल्या की पांढरा डाग पडतो. त्या नष्ट का होतात? डॉक्टर मंडळी सांगतात ते मुख्य कारण असं, की शरीराची रोगप्रतिकारशक्तीच गफलतीने या पेशींवर हल्ला करते. म्हणून काही रुग्णांना थायरॉइडचा त्रासही असतो. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण बापाला कोड म्हणून लेकीला होणारच, असं अजिबात नाही. काहींना खरचटलेल्या, घासलेल्या जागी डाग उमटतो.

काही रसायनंही या पेशी मारतात. १९३९ साली अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडले, तेव्हा कारण निघालं रबरी हातमोज्यांतलं रसायन. आपल्याकडे टिकलीच्या गोंदामुळे, रबरी चपलेमुळे असे डाग पडल्याची उदाहरणं आहेत. टिकलीच्या जागी कातडी फिकट दिसली तर टिकली लावणं थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

या कारणांत दूध-मासे एकत्र खाणं कुठेच नाही. मागच्या जन्मीचं पाप तर नाहीच नाही. आणि 'श्वेतकुष्ठ' हा शब्द आता सोडा. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, कोडात जंतूच नसतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही.

आता मुद्द्याचं. एवढी माहिती असूनही भिंती 'पांढरे डाग मुळापासून गायब' म्हणून रंगलेल्या दिसतात. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानुसार ज्या आजारांवर बरं करण्याची जाहिरात करता येत नाही, त्यांत कोडही आहे. तरी जाहिराती चालतात, कारण लाजेपोटी लोक गुपचूप जातात आणि फसले तरी तक्रार करत नाहीत. अन्न व औषध प्रशासनाने या भिंती एकदा बघाव्यात.

मलमं आहेत, प्रकाशोपचार आहेत. लवकर सुरू केले तर गुण येण्याची शक्यता जास्त. गॅरंटी देतो म्हणणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहा.

आणि पुढच्या वेळी कुणी हळूच ती चौकशी केली, तर उत्तर मोठ्याने द्या.