जाळं कुठे टाकू नये

ओडिशाच्या किनाऱ्यावर मार्च २०२१मध्ये एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला बसवला गेला. २७ जानेवारी २०२५ला तीच मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर, बंगालचा उपसागर सोडून थेट अरबी समुद्र. बातमी गाजली आणि ती गाजायलाच हवी होती. कारण पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला, या समजाला त्या बिल्ल्याने धक्का दिला. पण मधली जवळजवळ चार वर्षं ती कुठे होती, किती ट्रॉलरांच्या वाटेत आली, किती खोल पाण्यात चरली, हे बिल्ला सांगत नाही. तो फक्त दोन ठिकाणं सांगतो. मधली वाट सांगायला उपग्रह लागतो, आणि तो आपल्या किनाऱ्यावर आलेला आहे. पुढचा प्रश्न सोपा आहे: त्या वाटेचं आपण करतो काय? माझ्या मते आजवर आपण तिच्या बातम्या केल्या. मासेमारीच्या रोजच्या निर्णयात तिला जागा दिलेली नाही, आणि ती देण्याची साधनं मात्र एव्हाना आपल्या हातात आहेत.

जानेवारी-फेब्रुवारी २०२२मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथे पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह-संच बसवले गेले. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांचा हा उपक्रम; पश्चिम किनाऱ्यावरचा पहिलाच. काम वाटतं तेवढं चकचकीत नसतं. अंडी घालून परत निघालेल्या मादीला अडवून ठेवायचं, पाठीवरचं शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, कवच सँडपेपरने घासून कोरडं करायचं, त्यावर इपॉक्सीच्या थरात संच बसवायचा आणि तो घट्ट धरेपर्यंत थांबायचं. पुढे सगळं तिच्या श्वासावर अवलंबून. संच पाण्याखाली असताना मुका असतो. ती श्वासासाठी वर आली आणि त्याची टोकं खाऱ्या पाण्याबाहेर निघाली की क्षणभराचा संदेश सुटतो. साधारण साडेआठशे किलोमीटर उंचीवरून जाणारा अर्गोस यंत्रणेचा उपग्रह त्याच वेळी वरून जात असेल, तर तो संदेश टिपतो. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर बदलतो, तसा या संदेशाच्या लहरींतला बदल मोजून जागा ठरते. संदेश पुरेसे मिळाले तर चूक काही शे मीटरची, नाही तर काही किलोमीटरची. हे ध्यानात ठेवलं पाहिजे, कारण बातमीतल्या नकाशावर मात्र रेघ अगदी बारीक आणि ठाम दिसते.

त्या रेघांनी काय दाखवलं? त्या पाचांपैकी प्रथमा गुजरातच्या दिशेने वर गेली, रेवा कर्नाटककडे उतरली. २०२३मध्ये गुहागरला संच लावलेली बागेश्री तर कन्याकुमारी आणि श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात शिरली, म्हणजे ०३२३३च्या उलट दिशेने. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कमी गाजलेली नोंद: पहिल्या पाचांपैकी एक मादी त्याच हंगामात पुन्हा किनाऱ्याला आली आणि तिने दुसऱ्यांदा अंडी घातली. दोन खेपांमधले काही आठवडे मादी फार लांब जात नाही. आणि हे आठवडे येतात कधी? कोकणात कासवांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. महाराष्ट्रातली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. ती माशांच्या विणीसाठी आणि पावसाळी समुद्रातल्या धोक्यामुळे आहे, कासवांसाठी नाही. त्यामुळे अंड्यांनी भरलेली मादी किनाऱ्याजवळ घोटाळत असते, तेव्हा ट्रॉलर, गिलनेट सगळं जोरात चालू असतं. वेळासला २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्रने आणि पुढे गावोगावच्या कासवमित्रांनी घरटी राखली, पूर्वी खणून नेली जाणारी अंडी वाचवली, कासव महोत्सव भरवला. ते काम मोलाचं आहे. पण ते भरतीच्या रेषेशी संपतं. पिल्लांच्या हजारातलं एखादंच मोठं होतं, म्हणून अंडी घालायच्या वयाला पोचलेली एक मादी जाळ्यात बुडून मेली तर तिची भरपाई एका घरट्याने होत नाही.

आता दुसऱ्या उपग्रहाकडे पाहू. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांसाठी संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्ला देते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून मोजायचं, गार आणि उबदार पाणी जिथे भिडतं, जिथे प्लवक साचतं तिथे मासे येणार असं ताडायचं. सल्ल्याचा कागद पाहिला तर तो अगदी व्यवहारी असतो: बंदराचं नाव, दिशा, किती ते किती किलोमीटर, किती ते किती मीटर खोली, अक्षांश, रेखांश. अंदाज दर वेळी बरोबर येतो असं नाही, ढग आले की चित्रच मिळत नाही. तरी डिझेलचा खर्च वाचतो म्हणून तो वाचला जातो. थोडक्यात, जाळं कुठे टाकावं हे आकाशातून पाहून सांगायची सरकारी व्यवस्था आहे. कुठे टाकू नये, ही ओळ त्या कागदावर नाही. मत्स्यव्यवसाय एका खात्याकडे, कासव वन विभागाकडे, समुद्राचं तापमान तिसरीकडे. समुद्र मात्र एकच.

ही ओळ लिहिता येते हे हवाईत सिद्ध झालेलं आहे. तिथल्या तलवारमाशाच्या लाँगलाइन ताफ्यावर वर्षाला १७ लॉगरहेड कासवांची मर्यादा होती. तेवढी गळाला लागली की त्या वर्षाची मासेमारी बंद. २००६मध्ये ती मर्यादा मार्चमध्येच गाठली गेली आणि ताफा घरी बसला. मग अमेरिकेच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी एकत्र ठेवल्या: कासवांच्या उपग्रहावरून मिळालेल्या वाटा, ती कुठे गळाला लागली याच्या बोटींवरच्या नोंदी आणि समुद्राचं तापमान. लॉगरहेड साधारण साडेसतरा ते साडेअठरा अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जास्त सापडतात, असं दिसलं. त्यातून ‘टर्टलवॉच’ नावाचा नकाशा निघाला. पट्टा रोज सरकतो, नकाशाही रोज सरकतो. सल्ला ऐच्छिक होता आणि सगळ्याच बोटी त्या पट्ट्याबाहेर राहिल्या असं झालं नाही. तरी मच्छीमाराला तो ऐकण्यात स्वतःचा फायदा दिसत होता, कारण कासव टाळलं तर हंगाम वाचत होता.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. पाच आणि पुढच्या वर्षीच्या दोन, अशा सात माद्यांवरून आख्ख्या कोकणचा नकाशा कसा काढणार? शिवाय संच काही महिन्यांत गप्प होतात. अँटेना मोडते, शेवाळ धरतं, बॅटरी संपते, संच गळून पडतो किंवा कासव मरतं. यांतलं नेमकं काय झालं हे शांततेवरून कळत नाही. त्यात ऑलिव्ह रिडले फिरस्ती जात, लॉगरहेडसारखी तापमानाच्या एका पट्ट्याला धरून राहीलच असं नाही. सगळं मान्य. म्हणूनच सातांवरून समुद्रात कायमची रेघ ओढू नये असंच मी म्हणेन. पण हवाईतही एकट्या उपग्रहावर भिस्त नव्हती. जोडीला बोटींवरच्या नोंदी होत्या. तशा नोंदींचं बीज आपल्याकडे आहे. डिसेंबर २०१८पासून महाराष्ट्रात संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्या प्रत्येक अर्जामागे एक अडकलेलं आणि जिवंत सोडलेलं जनावर आहे. त्यात जागा, खोली, जाळ्याचा प्रकार आणि तारीख नेमकी भरून घेतली, तर अशा काही शे अर्जांतून जे समजेल ते सात संचांतून समजणार नाही. आणि सात संच जे सांगतील, म्हणजे दोन अंडी-खेपांमध्ये मादी किनाऱ्यापासून किती दूर राहते, ते अर्जांतून समजणार नाही. एकेका संचाची किंमत लाखांत जाते हे खरं, पण दुसऱ्या साधनाशी जोडल्याशिवाय तो खर्च अर्धा वायाच जातो.

ट्रॉलला कासव सुटून जायची जाळी बसवली की प्रश्न मिटला, असंही सांगितलं जातं. ती बसवायलाच हवी. ती नाही म्हणून आपली समुद्रातली कोळंबी २०१९पासून अमेरिकेच्या बाजारात जात नाही. पण ती जाळी ट्रॉलच्या पिशवीत बसते, गिलनेटमध्ये नाही.

आणखी एक गोष्ट या हिशेबात धरली जात नाही. पाठीवरचा संच जागेबरोबर पाण्याचं तापमान आणि खोलीही मोजू शकतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या हत्ती-सीलांच्या डोक्यावर चिकटवलेल्या संवेदकांनी, जहाजं पोचत नाहीत अशा हिवाळी बर्फाखालून, तापमान आणि क्षारतेच्या नोंदी पाठवल्या. केप डार्नली इथे समुद्रतळाचं अतिगार पाणी तयार होतं, हे २०१३मध्ये कळलं त्यात या सीलांचा वाटा होता. रीयुनियन बेटावर तर चक्रीवादळांचा अंदाज सुधारावा म्हणून कासवांवर असे संच बसवण्यात आले. निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं सोसलेल्या किनाऱ्याला वादळाखालच्या पाण्याची ऊब किती खोलवर आहे हे समजणं फायद्याचं आहे. एक अट मात्र हवी: संचाचं ओझं प्राण्यालाच वाहायचं असतं, पाण्यात तो ओढ वाढवतो. ज्या नोंदीचा काही वापर ठरलेला नाही, तिच्यासाठी आणखी एका मादीला रात्री अडवू नये.

सगळ्यांत अवघड आक्षेप बंदरावरचा आहे. ओडिशात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या नद्यांच्या मुखांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मे वीस किलोमीटरपर्यंत मासेमारी बंद असते. तसं काही कोकणात होणार असेल तर लहान होडीवाल्याने कासवाला मित्र का म्हणावं? त्याची भीती अनाठायी नाही, पण ओडिशाचा नियम तिथल्या सामूहिक विणीसाठी आहे. लाखो माद्या एकदम येतात. कोकणात कासवं एकेकटी, विखरून येतात, म्हणून इथे एवढा मोठा पट्टा महिनोन्महिने बंद करणं अन्यायाचं आणि निरुपयोगीही ठरेल. फिरता, काही दिवसांपुरता, अमुक खोलीच्या आत ट्रॉल ओढू नका एवढाच सल्ला पुरेसा असू शकतो, आणि तो इतका अरुंद ठेवता येणं हीच उपग्रहाच्या नोंदींची खरी किंमत आहे. तो समुद्रात पोचवायची सोयही होते आहे: ऑगस्ट २०२४मध्ये पालघरहून एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली, त्यावर दोन्ही बाजूंनी संदेश जातात. गोची तिथेच आहे. ज्या यंत्रावर कासवाचा सल्ला येतो, तेच यंत्र बोट कुठे होती हेही सांगतं. त्या नोंदीवरून उद्या दंडाची पावती फाटली, तर तांडेल यंत्र बंद करून ठेवील आणि वादळाचा इशाराही त्याला मिळणार नाही. म्हणून कासव-सल्ला पहिली काही वर्षं तरी ऐच्छिक असावा, त्याच्या आधारे कारवाई होणार नाही हे शासन निर्णयात लिहून द्यावं, आणि जाळं कापल्याची भरपाई अर्जदाराच्या खात्यात त्याच हंगामात जमा व्हावी.