दहा तुकड्यांवरचा निकाल

राजूरची ओळख कोळशाची आणि चुनाभट्ट्यांची. पण वणी तालुक्याच्या या पट्ट्यात कपाशी पेरणाऱ्याला वाईट वर्षात भरपाई मिळेल की नाही, हे बरंचसं एक भागाकार ठरवतो. पीक विम्याचा घटक महसूल मंडळ असेल, तर मार्गदर्शक सूचनांनुसार एका पिकाचे किमान 10 कापणी प्रयोग (शेतातला ठरावीक तुकडा कापून मोजलेलं उत्पादन) पुरतात. मंडळाच्या उत्पादनाचा आकडा बराचसा त्यांच्या सरासरीवर ठरतो; तो उंबरठा उत्पादनाखाली, म्हणजे विम्याने हमी दिलेल्या उत्पादनाखाली गेला, तर उत्पादनावर आधारलेली भरपाई, नाहीतर शून्य. खोल काळ्या रानाला आणि मुरमाड उतारालाही तोच आकडा. त्या सरासरीत नमुन्याची चूक किती, याला भरपाईच्या सूत्रात जागाच नाही. याला मी शास्त्र म्हणणार नाही.

पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी 1940च्या दशकात कापणी प्रयोगांची नमुना पद्धत उभी केली, ती जिल्ह्याचा नि राज्याचा अंदाज काढायला. तिला मंडळापर्यंत ओढायचं तर जोडीला मिश्र परिणामांचं मॉडेल हवं. त्यात प्रत्येक मंडळाचा आणि प्रत्येक वर्षाचा आपापला परिणाम धरतात. जिथे प्रयोग थोडे, तिथला अंदाज शेजारच्या मंडळांकडून बळ घेतो. बॅटीस, हार्टर आणि फुलर यांनी 1988 मध्ये आयोवातल्या 12 काउंटींतलं मका-सोयाबीनखालचं क्षेत्र अशाच जातीच्या मॉडेलने काढलं होतं. बेझियन रीतीने, म्हणजे आकडे बघण्याआधीचा अंदाज (पूर्वधारणा) आकड्यांनी सुधारत केलं, तर थेट उत्तर मिळतं: या मंडळाचं उत्पादन उंबरठ्याखाली असण्याची शक्यता किती? विम्याला नेमकं हेच हवं असतं.

पण माझा खरा राग आमच्याच संख्याशास्त्रवाल्यांवर आहे. दोन मॉडेलं घ्यायची, एकात पावसाचा परिणाम सगळीकडे सारखा, दुसऱ्यात मंडळागणिक वेगळा. मग संगणकाने दिलेला एक गुणांक बघून विजेता जाहीर करायचा. अरे, भाकीत कशाचं करायचं आहे? एक प्रयोग बाजूला काढून मॉडेल तपासलं, तरी त्याच मंडळातले, त्याच वर्षातले बाकीचे प्रयोग आतच राहतात. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, हे मॉडेलला आधीच ठाऊक असतं. अशी परीक्षा पास होण्यात कसलं कर्तृत्व? न पाहिलेल्या मंडळासाठी मॉडेल वापरायचं तर अख्खं मंडळ बाहेर ठेवा, पुढच्या हंगामासाठी वापरायचं तर अख्खं वर्ष बाहेर ठेवा. मग क्रम उलटूही शकतो.

बेझ गुणकाची, म्हणजे आकडे कोणत्या मॉडेलच्या बाजूने किती झुकतात हे सांगणाऱ्या गुणोत्तराची, कथा याहून वाईट. मंडळामंडळांतल्या फरकावर ‘आमचं काहीच मत नाही’ म्हणून अफाट रुंद पूर्वधारणा लावतात. ती निःपक्ष मुळीच नसते. ती जितकी रुंद, तितका तो फरक मानणाऱ्या मॉडेलला दंड जास्त. म्हणजे राजूरची जमीन वेगळी आहे की नाही, याचा निकाल आकड्यांऐवजी त्या रुंदीने लागतो. पूर्वधारणा बदलून निकाल टिकतो का, हे न दाखवणारा अहवाल मी परत पाठवीन. दोन मॉडेलांच्या भाकिताच्या गुणांकांतला फरक त्याच्या प्रमाण त्रुटीहून लहान असेल, तर विजेता ठरवूच नका. दोन्हींना वजन देऊन अंदाज काढा.

कृषी खात्याने प्रत्येक कापणी प्रयोगाचा आकडा, शेतकऱ्याचं नाव वगळून, खुला करावा आणि तुलनेचा नियम पेरणीआधी जाहीर करावा. तोवर मॉडेल तपासता येणार नाही, आणि आज ज्या सरासरीवर पैसे वाटले जातात, तीही नाही.